कशावरून आणि कुठपर्यंत

“कशावरून?”

माझ्या दाजींच्या तोंडी सदान्‌कदा हा एकच शब्द. दुसरे शब्द त्यांना येत नव्हते असं नाही, पण ते सगळे या एकाच्या मागेपुढे चालायचे. या शब्दानं त्यांना बायको मिळाली, नोकरी मिळाली, टोपणनाव मिळालं. आणि नोकरीच्या अगदी शेवटी याच शब्दापायी दुसऱ्या एका माणसाची नोकरी जायची वेळ आली. ती हकिगत मी सांगणार आहे. जे पाहिलं त्यातलं काही एकाच डोळ्यानं पाहिलेलं आहे, पण तो डोळा चांगला होता.

दाजी पहिल्यांदा आमच्या घरी आले ते आमच्या ताईसाठी. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात धुळीनं माखलेले बूट; गाडीरस्ता सोडून शेतातून चालत आले होते. वडिलांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि मुलीचा बाप जे म्हणतो ते म्हटलं.

“मुलगी आमची स्वभावानं शांत आहे.”

दाजींनी कप खाली ठेवला. “कशावरून?”

वडिलांना आयुष्यात असं कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “आवाज चढवून कधी बोलत नाही.”

“तुमच्यासमोर,” दाजी म्हणाले.

आत ताई इतक्या जोरात हसली की तिच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि बराच वेळ फरशीवर फिरत राहिलं. त्याच आवाजात लग्न ठरलं. ताई शांत नव्हती. लग्नानंतर आठवड्याभरात दाजींना ते कळलं, आणि पुरावा हाती आल्याचं समाधान पुढं कित्येक वर्षं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

ते कॉलेजात विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवायचे. गावात लोक मला विचारत, “तुझे दाजी नक्की करतात काय?” मी सांगायचो, विज्ञानवाले शोध लावतात आणि आमचे दाजी त्यांना विचारतात, शोध लागला हे कशावरून? गावात हे काम फुकट करणारे बरेच होते, त्यामुळे त्याचा पगार मिळतो यावर कोणाचा विश्वास बसला नाही.

या धंद्यात ते आले कसे, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं आहे की मी ते झोपेतही सांगेन.

ते आधी पदार्थविज्ञान शिकत होते. प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला पितळेचा लिंबाएवढा गोळा बांधायचा, टांगायचा, हलकेच बाजूला नेऊन सोडायचा, हेलकाव्यांचा वेळ घ्यायचा. दोऱ्याची लांबी आणि हा वेळ यांच्यावरून पृथ्वी वस्तूला किती जोरानं ओढते ते निघतं. उत्तर नऊ पॉइंट आठ यायला हवं. ते पुस्तकात छापलेलं असल्यामुळे सगळ्या वर्गाचं तेवढंच आलं. काहींचं प्रयोग सुरू करायच्या आधीच आलं होतं. दाजींच्या वाट्याला उरलासुरला आखूड दोरा आला होता. त्यांचं उत्तर आलं आठ पॉइंट नऊ. त्यांनी तेच लिहिलं.

प्रयोग करून घेणारे सर म्हणाले, “चुकलंय. खोड.”

“कशावरून?”

“पुस्तकावरून.”

“माझा दोरा पुस्तकात नाही, सर.”

तिथून पुढं जे झालं त्यात आवाज दोन्हीकडून चढले. दाजी वही मिटून बाहेर पडले ते व्हरांडा ओलांडून समोरच्या खोलीत शिरले. ती तत्त्वज्ञानाची खोली होती. तिथं एक म्हातारे प्राध्यापक एकटेच बसले होते. त्यांना कित्येक महिन्यांत विद्यार्थी दिसला नव्हता, म्हणून त्यांनी उठून खुर्ची पुसून दिली. दाजी बसले ते निवृत्तीपर्यंत त्याच खोलीत बसले. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांना कळलं, पितळी गोळा खिशातच राहिला आहे. परत द्यायला जायचं तर त्या सरांचं तोंड बघावं लागणार, म्हणून तो टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला. तो तिथंच राहिला.

कायमची जागा मिळायला त्यांना फार वर्षं लागली. मुलाखतीत साहेब लोक विचारायचे, “या जागेसाठी तुम्ही योग्य आहात असं तुम्हाला का वाटतं?” दाजी खरं ते सांगायचे. “वाटतं खरं. पण बाहेर बसलेल्या सगळ्यांनाच तसं वाटतंय. तेव्हा वाटण्याला काही किंमत नाही.” साहेब लोक हे लिहून घेत आणि दुसऱ्याला घेत. मग एका वर्षी दुसरा उमेदवार आलाच नाही. दाजींनी घरी येऊन ताईला सांगितलं, “सगळ्या उमेदवारांत मी सर्वांत योग्य ठरलो. उमेदवार कमी होते, पण ठरलो.”

ती खोली मी पाहिली आहे. व्हरांड्याच्या टोकाला, एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला प्राणिशास्त्राचं सामान ठेवायची जागा. तिकडं काचेच्या बरण्या मावेनात, तेव्हा एक बरणी इकडं ठेवली गेली. आत एक मासा होता. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं, जणू काही विचारता विचारता गेला. नवे विद्यार्थी तो अभ्यासक्रमातच आहे असं समजून त्याच्यासमोर बसत. विद्यार्थी मोजकेच. त्यातलेही निम्मे, तासाची वेळ सोयीची म्हणून. दाजी पहिल्या दिवशी हजेरी घेत. मुलगा म्हणे, “हजर.” दाजी विचारत, “कशावरून?” एकदा मागून कोणी तरी म्हणालं, “आवाजावरून, सर.”

“आवाज मित्राचाही असू शकतो.”

तो मित्राचाच होता. त्या दिवसापासून कॉलेजात त्यांचं नाव ‘कशावरून सर’ पडलं. शिपाईसुद्धा चिठ्ठी आणताना विचारायचा, “कशावरून सर आहेत का?” आणि मग स्वतःच हसायचा.

त्यांच्या विद्येचं सार मला ताईनं समजावून दिलं, तेही नकळत. घरात वजनकाटा होता, पायाखाली ठेवायचा. ताई त्यावर उभी राहिली, आकडा पाहिला, उतरली. काटा थोडा सरकवला, पुन्हा उभी राहिली. तोंड वाकडं करून उतरली. चपला काढल्या, पुन्हा चढली. या खेपेला आकडा पसंत पडला. तिनं काटा पायानं पलंगाखाली सारला आणि कामाला लागली.

दाजी दारात उभे राहून हे पाहत होते. मला म्हणाले, “मेव्हणे, पाहिलंत? हेच माझं पुस्तक.”

म्हणजे असं की, माणूस उत्तर मिळालं म्हणून मोजायचं थांबत नाही. आवडतं उत्तर मिळालं की थांबतो. मोठमोठे शास्त्रज्ञ मोजता मोजता नेमके कुठं थांबले आणि तिथंच का थांबले, हे दाजी शोधत होते. त्यासाठी देशोदेशीच्या जुन्या प्रयोगांच्या नोंदी मागवून वाचत. ताई म्हणाली, “शास्त्रज्ञांचं काय ते बघा. माझा काटा पुस्तकात घालाल तर बघा.” काटा पुस्तकात गेला नाही. पण पुस्तकही पुरं झालं नाही.

लग्नाच्या पुढच्या वर्षी सुरू झालेलं ते पुस्तक. आधी त्याला टेबलाचा एक कोपरा होता. मग अर्धं टेबल, मग सगळं. घरातली जेवणं सरकत सरकत स्वयंपाकघरात ओट्यापाशी गेली. मी कधीही गेलो की ताई त्या ढिगाकडे भुवई उडवून त्यांना विचारायची, “कुठपर्यंत आलंय?”

“आलंय.”

“मी आलंय का विचारलं नाही. कुठपर्यंत, विचारलं.”

कशावरून म्हणणाऱ्या माणसाला कुठपर्यंत हा शब्द पचत नसे. आमच्याकडे तापट बैलाच्या नजरेसमोर जू धरलं की तो जशी मान फिरवतो, तशी त्यांची मान फिरायची.

असं सगळं चाललं असतं. पण निवृत्तीचं वर्ष आलं.

प्राचार्यांनी दाजींना बोलावून सांगितलं, तुम्ही गेलात की ही जागा जाईल, जागा गेली की विभाग बंद, खोली प्राणिशास्त्राला. एकच वाट आहे. विद्यापीठाची समिती पाहणीला येणार आहे. इतक्या वर्षांत या विभागातून एकही पुस्तक निघालेलं नाही. एक पुस्तक दाखवा. पुरं झालेलं. मग जागा राहील, आणि जागा राहिली तर ती मुलगी लागेल.

ती मुलगी म्हणजे दाजींची विद्यार्थिनी. जमिनीची मोजणी करणाऱ्या एका सरकारी माणसाची लेक. लहानपणी बापाबरोबर बांधाबांधावरून साखळी धरून फिरलेली. दोन भाऊ हद्दीवरून भांडत आले की तिच्या बापाचा पहिला प्रश्न ठरलेला: कुठून कुठपर्यंत? तोच प्रश्न तिच्या जिभेवर बसला होता. पहिल्या तासाला दाजींनी फळ्यावर लिहिलं, माणूस आवडत्या उत्तरापाशी थांबतो. ती उठून म्हणाली, “सर, कुठून कुठपर्यंतचा माणूस? सगळे, का काही?” दाजींनी खडू खाली ठेवला आणि सहज म्हणून त्या दिवशी तास अर्धाच घेतला.

पुढं ती तिथंच शिकली, तिथंच तासांवर शिकवू लागली. तासांवर म्हणजे शिकवलं तेवढ्याचे पैसे, सुट्टी लागली की काही नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावतील याचा भरवसा नाही. बरोबरीच्या मैत्रिणी कायम होऊन, पोरंबाळं होऊन, लठ्ठ होऊन भेटायला येत. ही अजून मासा असलेल्या खोलीत, मोडक्या खुर्चीवर.

त्याच सुमाराला माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी पट्टी बांधून ताईकडे राहायला होतो. मोजणीदाराची मुलगी रोज सकाळी यायची. समितीला द्यायची प्रत ती वाचून काढत होती, एकेक पान उपडं ठेवत. दाजी समोर बसून पितळी गोळा तळहातावर फिरवत होते.

पहिलं प्रकरण दाजींच्या त्या प्रयोगाचं होतं. सगळ्या पुस्तकात थांबणारे पुष्कळ, पण आवडत्या उत्तरापाशी न थांबता जे आलं ते लिहिणारा एकच माणूस होता, आणि तो दाजी होते. त्यांनी हे बढाई म्हणून लिहिलं नव्हतं. त्यांना तो पुरावा वाटत होता.

मुलगी वाचता वाचता थांबली. “सर, इथं लिहिलंय, लांबी मोजली. कुठून कुठपर्यंत?”

“वरच्या खिळ्यापासून.”

“आणि खाली?”

“दोरा संपतो तिथपर्यंत. गाठीपर्यंत.”

स्वयंपाकघरात ताईची फोडणी चुरचुरली आणि शांत झाली.

“गोळा सोडून?” मुलीनं विचारलं.

“दोऱ्याची लांबी म्हटल्यावर गोळा कशाला मोजायचा?”

“लांबी लंबकाची असते, सर. गोळ्याच्या मध्यापर्यंत धरतात.”

“कशावरून?” दाजी म्हणाले. पण हा कशावरून नेहमीचा नव्हता. नेहमीच्याला धार असते. हा आपला सवयीनं आला आणि दोघांच्या मधे उभा राहिला.

पुस्तकावरून, असं ती म्हणू शकली असती. ती म्हणाली, “मोजून बघू या.”

स्वयंपाकघराच्या चौकटीला खिळा होता. ताईचा पांढरा दोरा घेतला, प्रयोगातल्याएवढाच आखूड. गोळा तोच. दाजींनी गोळा हलकेच बाजूला नेऊन सोडला. मुलीनं हातातल्या घड्याळावर हेलकावे मोजले. पुन्हा मोजले. मग पट्टी धरली. गाठीपर्यंतची लांबी घेऊन हिशोब केला, तर आठ पॉइंट नऊ. गोळ्याच्या मध्यापर्यंतची घेतली, तर नऊ पॉइंट आठ. वेळ तोच, हेलकावे तेच, पृथ्वी तीच. फरक गाठीपासून मध्यापर्यंतच्या दोन बोटांचा. लांब दोरा असता तर दोन बोटं कुठल्या कुठं बुडाली असती. आखूड दोऱ्यानं ती लपवली नाहीत.

दाजी ओट्याला टेकून उभे राहिले. “म्हणजे माझं उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं आलं. वेगळं आलं म्हणून मला ते आवडलं. आवडलं म्हणून मी थांबलो.”

ताई पदराला हात पुसत म्हणाली, “मग बरंच झालं की. तुमचं पुस्तक खरं ठरलं.”

“पुस्तक खरं ठरलं,” दाजी म्हणाले, “पण पहिलं प्रकरण खोटं ठरलं.” त्यांनी टेबलावरून त्या प्रकरणाची पानं उचलली आणि खुर्चीवर ठेवून त्यांवर बसले.

मुलगी म्हणाली, “सर, ते प्रकरण काढून टाकू. बाकीची आहेतच.”

“बाकीच्यांतही मी गाठीपर्यंतच मोजलं असेल तर? सगळी तपासायला हवीत.”

“किती दिवस लागतील?”

“ते मी कशावरून सांगू?”

मुलीनं पेनाचं टोपण लावलं. पिशवी घेतली. मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेलो, खरं तर तिनंच मला कठड्यापासून सांभाळून नेलं. ती म्हणाली, “काका, समितीला अपुरं पुस्तक चालत नाही. मी दुसरीकडे काम शोधते. एका दुकानात हिशेबाला माणूस हवाय. सरांना आत्ता सांगू नका, ते विचारतील.”

“काय विचारतील?”

“हवाय कशावरून,” ती म्हणाली, आणि हसत जिना उतरून गेली.

मी सांगितलं नाही. पण ताईपासून काही लपवायची मला सवय नाही, आणि ताईला कोणापासून काही लपवायची सवय नाही.

नंतर आठवडाभर त्या चौकटीत गोळा हलत होता. दाजी पुन्हा पुन्हा मोजत होते. प्रत्येक वेळी नऊ पॉइंट आठ. त्यांना शंका येत होती की आता हेच उत्तर आपल्याला आवडायला लागलं आहे, मग इथं थांबावं कसं? घरातली सगळी माणसं वाकून आतबाहेर करत होती. एकदा तर गोळा माझ्या चांगल्या डोळ्याजवळून असा गेला की दुसरं ऑपरेशन थोडक्यात टळलं.

ताईनं शेवटी पातेलं हातात घेऊन, दाराच्या अलीकडं उभं राहून सांगितलं. “अहो, सगळ्या जगाला तुम्ही विचारलंत, कुठं थांबलात आणि का थांबलात. आता मी विचारते. तुम्ही कुठं थांबणार? ती पोर दुकानात हिशेब लिहायला निघाली आहे. तुमच्या दारात केस पांढरे करायचे का तिनं?”

“मी चूक तशीच छापू?”

“चूक छापा असं कोण म्हणतंय? पुस्तक थांबवा म्हणतेय मी. भाजी जळत आली, बाजूला व्हा.”

दाजी बाजूला झाले. माझ्याजवळ येऊन बसले. मला वाटलं, दोन शब्द बोलावे. मी म्हणालो, “दाजी, आम्ही विहीर खणतो तेव्हा कुठपर्यंत खणायचं ते पाणी सांगतं.”

त्यांनी माझ्या पट्टीकडे पाहिलं. “मेव्हणे, पाणी लागतं म्हणून थांबता, की दमल्यावर जी ओल लागते तिला पाणी म्हणता?”

आमच्या मळ्यातल्या विहिरीची मला आठवण झाली.

पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच चपला घातल्या. “चला मेव्हणे. एका माणसाला भेटायचंय.”

प्रयोग करून घेणारे ते सर अजून होते. त्याच शहरात, कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. लेकीकडे राहत होते. इतकी वर्षं दोघं एका रस्त्यावरून जात होते आणि दाजी पलीकडच्या फुटपाथनं चालत होते. सर फार म्हातारे झाले होते. खिडकीशी बसून घड्याळ दुरुस्त करत होते. मान वर न करता म्हणाले, “कशावरून आला वाटतं.”

“सर, तुम्ही बरोबर होतात,” दाजी उभ्याउभ्याच म्हणाले. “मी गाठीपर्यंत मोजलं होतं.”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“त्या दिवशी नव्हतं. पुस्तकात नऊ पॉइंट आठ होतं, एवढंच माहीत होतं. तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आवाज चढवला. मग दोनेक वर्षांनी दुसऱ्या एका पोराला आखूड दोऱ्यावर हेच आलं. तेव्हा बसून पाहिलं, तर गाठ.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

सरांनी घड्याळाचा छोटा स्क्रू डबीत टाकला. “तोवर तू तत्त्वज्ञानात स्थिरावला होतास. म्हटलं, बिचाऱ्याचं बस्तान बसलंय, आता कशाला उठवायचं.”

दाजी खाली बसले. खिडकीतून रस्त्यावरचे आवाज वर येत होते. सर म्हणाले, “तू विचारलंस, कशावरून. त्यानं माझा राग तेवढा वर आला. कुठपर्यंत, असं विचारलं असतंस, तर दोघांनी खाली वाकून बघितलं असतं.”

सरांनी घड्याळाचं मागचं झाकण बसवलं. मग सर म्हणाले, “एक गोळा तूच नेलास ना?”

“हो, सर.”

“दरवर्षी सामान मोजताना एक कमी भरायचा. मी दरवर्षी लिहायचो, शोध चालू आहे. निवृत्त होईपर्यंत चालू होता. तेवढंच काय ते माझं संशोधन.”

परत येताना दाजी माझा हात धरून चालले. मला दिसत नव्हतं म्हणून असेल, किंवा त्यांना दिसत होतं म्हणून असेल. अधूनमधून ते तोंडातल्या तोंडात म्हणत होते, “कुठपर्यंत.” नवी वहाण पायात घालून घरातल्या घरात चालून बघावं, तसं.

त्यांनी पहिलं प्रकरण नव्यानं लिहिलं. आता त्यात गाठ होती, आखूड दोरा होता, आणि आवडत्या उत्तरापाशी थांबणाऱ्यांच्या ओळीत पहिलाच माणूस ते स्वतः होते. बाकी प्रकरणांना त्यांनी हात लावला नाही. प्रत्येकाच्या शेवटी नुसत्या दोन ओळी घातल्या, की मी इथून इथपर्यंत पाहिलं, पुढं पाहिलेलं नाही. पुस्तकाचं नाव बदललं. आधीचं लांबलचक होतं. नवं नाव नुसतं ‘कुठपर्यंत?’ ताईनं ते वाचलं आणि म्हणाली, “हे तर माझं वाक्य. माझा काटा वाचला, पण वाक्य पुस्तकात गेलं.” मुलीला निरोप गेला. ती आली, वाचायला बसली, आणि दुकानाचं नाव तिच्या तोंडून पुन्हा निघालं नाही. पण तिची जागा अजून ठरायची होती, आणि ठरवणार समिती.

समिती आली त्या दिवशी मी व्हरांड्यात बाकावर होतो. खोलीचं दार बरणीच्या वासामुळं उघडं ठेवलेलं. आत समितीचे अध्यक्ष, दोन सभासद, प्राचार्य, दाजी, आणि दाराशी उभी ती मुलगी, कारण खुर्च्या संपल्या होत्या. अध्यक्षांनी पुस्तक हातात तोलून पाहिलं, आणि विचारायला नको होतं तेच विचारलं.

“पुस्तक पूर्ण झालंय?”

या प्रश्नाचं दाजींचं उत्तर सगळ्या कॉलेजला पाठ होतं. पूर्ण झालं हे कशावरून म्हणायचं? ते बाहेर पडलं की संपलं. मुलीनं दाराची कडी धरली. दाजींनी ओठ उघडले. पहिला ‘क’ बाहेर आला, हे मी कानानं ऐकलं आहे. मग ते थांबले.

“इथपर्यंत पूर्ण आहे,” ते म्हणाले.

“इथपर्यंत म्हणजे?”

“शेवटच्या पानापर्यंत. तिथून पुढचं या बाई लिहितील. त्यांना बसायला जागा लागेल.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. “त्या लिहितील हे कशावरून?”

उभ्या आयुष्यात हा प्रश्न दाजींना दुसऱ्या कोणी विचारलेला नव्हता. ते इतके खूश झाले की क्षणभर उत्तर द्यायचंच विसरले. मग म्हणाले, “यांनी माझी चूक काढली. पहिल्या प्रकरणात आहे. बघा.”

अध्यक्षांनी पहिलं प्रकरण उघडलं. वाचता वाचता त्यांचा हात थांबला. “लंबक,” ते म्हणाले. “मला साडेआठ आलं होतं. मी खोडलं.” आणि सभासदांकडे न बघता कागद पुढं ओढून सही केली. सभासदांनी खाली पाहत सह्या केल्या. त्यांनाही काय काय आलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी दाजींनी निरोपाचा कार्यक्रम घेऊ दिला नाही. मी आणि ताई त्यांना घ्यायला गेलो होतो. त्यांनी कपाटाची किल्ली मुलीला दिली, खुर्चीचा मोडका पाय कसा टेकवायचा ते दाखवलं, माशाकडे एकदा पाहिलं. समितीच्या दिवशी पुस्तकाबरोबर घरून आणलेला पितळी गोळा टेबलावरच राहिला होता, तो उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला. कागद लगेच उडायला लागले. मुलीनं त्यांवर आपला हात ठेवला.

आम्ही कॉलेजच्या मागच्या फाटकापर्यंत बरोबर होतो. तिथं घरचा रस्ता डावीकडे जातो. दाजी उजवीकडे वळले.

“अहो, घर इकडे आहे,” ताई म्हणाली.

“माहीत आहे. एक वस्तू द्यायची राहिलीय.”

“किती वेळ लागेल?”

“दुसऱ्या मजल्यापर्यंत,” ते म्हणाले आणि निघाले. गोळ्याच्या वजनानं सदरा एका बाजूला ओढला गेला होता, त्यामुळं ते जरा त्या अंगाला कलूनच चालत होते. या खेपेला पलीकडच्या फुटपाथनं नव्हे, अलीकडच्या. ताई पिशवी या हातातून त्या हातात घेत बघत राहिली. वर व्हरांड्याच्या टोकाच्या खिडकीत मोजणीदाराची मुलगी एका हातानं कागद दाबून उभी होती. माझी पट्टी निघाली होती. ते त्या घराच्या जिन्यात शिरेपर्यंत मी त्यांना दोन्ही डोळ्यांनी पाहिलं.